रंग लागलेला दाणा : शून्य

(मंगळवारची दुपार. के. आर. पुरममधल्या देवाप्पांच्या घराची पुढची खोली. अश्लेषा खुर्चीच्या कडेवर बसली आहे, मांडीवर लॅपटॉप. देवाप्पा समोर खाटेवर. भागुबाई आत स्वयंपाकघरात, दार उघडं.)

अश्लेषा : अण्णा, तुम्ही पुन्हा तेच म्हणताय. ‘माझी चूक लिवा, माझी सही घ्या.’ अहो, पण चूक कसली ते तर सांगा! हेब्बाळहून दीड तास बसमध्ये उभी राहून आलेय मी, ती काय नुसती सही घ्यायला?

देवाप्पा : मग कशाला आलासा? तुमी मका विकणाऱ्या कंपनीच्या. मी मका तपासणाऱ्या कंपनीचा नमुनेवाला. आमच्या रघुनंदन साहेबांनी कालपास्नं मला घरी बसीवलंय. अशात तुमी माझ्या घरात बसून चहा प्याला तर लोक काय म्हणतील?

भागुबाई : चहा अजून दिलाच न्हाई मी, आणि ह्यांना लोकांची काळजी! बस गं बाळ तू. स्वल्प थांब, आलं ठेचालोय.

अश्लेषा : राहू दे हो काकू चहा. अण्णा, ऐका. शुक्रवारी यशवंतपूरच्या गोडाउनमध्ये आमचा मका कंटेनरमध्ये भरला, तेव्हा नमुना तुम्ही काढलात. काल लॅबचा रिपोर्ट आला. दोन किलो मक्यात नऊ दाणे लाल! आणि शेरा काय मारलाय बघा. पेरणीसाठी विषारी औषध लावलेलं बियाणं मिसळल्याचा संशय. दोनशे चाळीस टन मका नापास. आमचे शंतनु सर सकाळपासून डोकं धरून बसलेत. करार मी तयार केलेला, प्रोबेशन माझं संपलेलं नाही, आणि मला काही म्हणजे काही कळत नाहीये.

देवाप्पा : ते बियाणं न्हाई.

अश्लेषा : तुम्हाला कसं माहीत?

देवाप्पा : एकतीस वर्सं मक्यात हात घालालोय. औषधाचा दाणा बुडवून काढल्यागत सगळा रंगतो. साहेबांनी काल दाणं दावलं मला. एका अंगानं रंगलेत, दुसरं अंग पिवळं धमक.

अश्लेषा : मग काय लागलंय त्यांना?

देवाप्पा : कुंकू.

अश्लेषा : कुंकू? कपाळाला लावतात ते?

देवाप्पा : तेच की. लोडिंगच्या दिवशी पहिल्या पोत्याची पूजा आसती. मुकादम मालोजी नारळ फोडतो, पोत्यावर पाणी वततो, वरनं कुंकू आणि झेंडूचं फूल. ओलं कुंकू तागातनं आत उतरतं. त्या पोत्यातला दाणा नमुन्यात आला. मीच काढला. झालं. लिवा आता.

अश्लेषा : अहो अण्णा! म्हणजे मका चांगला आहे! विष नाही, काही नाही! हे काल का नाही बोललात? थांबा, सरांना फोन करते. सुटलो की आपण!

देवाप्पा : फोन ठेवा. सुटलो न्हाई. करार उघडा तुमचा. मालाची प्रत लिवल्याय तिथं.

अश्लेषा : उघडलेलाच आहे. ओलावा चौदा टक्क्यांपर्यंत. फुटका दाणा चार टक्के. किडका दाणा दोन. रंग लागलेला दाणा... शून्य.

देवाप्पा : कसला रंग?

अश्लेषा : कसला म्हणजे... नाही लिहिलेलं. नुसतं ‘रंग लागलेला दाणा : शून्य’.

देवाप्पा : मग कुंकू बी रंगच की.

अश्लेषा : हा काय चावटपणा आहे! बरं, मग दुसरा नमुना काढा. कंटेनर गोडाउनच्या आवारातच उभे आहेत. शनिवारपर्यंत चेन्नईला पोचले तरी चालतील. दारं उघडा, काढा नमुना.

देवाप्पा : लोडिंगच्या वेळचा नमुना शेवटचा. त्याच्यावरचं सर्टिफिकेट शेवटचं. विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं, दोघांनी मान खाली घालून मानायचं. लिवलंय न्हवं?

अश्लेषा : लिहिलंय. पण लोडिंग झालंय कुठे? जहाज अजून चेन्नईला लागायचंय!

देवाप्पा : कंटेनर भरला, दार लागलं, सील पडलं, की लोडिंग झालं. जहाज येऊ दे, न येऊ दे.

अश्लेषा : जहाजाशिवाय लोडिंग?

भागुबाई : नवरा यायच्या आधीच लग्न लागलं म्हणायचं की हे.

अश्लेषा : हसू नका ना काकू, मला रडू यायला लागलंय. थांबा, एकदा नीट लावू दे मला. मका चांगला आहे. कागद वाईट आहे. मका चांगला आहे हे तुम्हाला माहीत, मला माहीत, आता काकूंनाही माहीत. आणि तरी कागदच खरा?

देवाप्पा : कागदच खरा. उद्या हाच मका बोटीवर भिजला, सडला, आणि आमचा कागद चांगला आसला, तर घेणाऱ्यानं ब्र काढायचा न्हाई. आज उलटं झालंय. आमचा कागद त्याच्यासाठीच आसतो, अक्का. न्हाईतर प्रत्येक बंदराला भांडणं.

अश्लेषा : डोक्यावरून गेलं माझ्या. आणि गंमत म्हणजे ही सगळी कलमं मी स्वतः टाइप केलीयेत. टाइप करताना वाटलं होतं, काय छान स्पष्ट आहे सगळं!

देवाप्पा : होतंय. तुमी आता एवढंच करा. देवाप्पानं चुकून पूजेच्या पोत्यातनं नमुना काढला, कुंकवाचं दाणं आलं, आसं लिवा. मी सही करतो. मार्चला मी रिटायर होणारच हाय, चार महिनं आधी बसीवलं म्हणून काय बिघडत न्हाई. तुमच्यावर काय येत न्हाई. मका हितंच कुणालातरी विका, कोंबड्यांच्या खाद्याला.

अश्लेषा : कोंबड्यांच्या? अण्णा, तुम्हाला कोणी सांगितलं नाही का? विषाचा शेरा पडलाय त्याच्यावर. तो आता कोंबड्यांनासुद्धा घालता येत नाही. शंतनु सर म्हणाले, पुरावा लागेल.

देवाप्पा : पुरावा? कसला पुरावा लागतो अजून? मी सांगालोय न्हवं?

अश्लेषा : तसा पुरावा नाही हो. खड्डा काढून पुरायचा. जमिनीत. दोनशे चाळीस टन, सगळाच्या सगळा.

देवाप्पा : चांगला मका?

अश्लेषा : चांगला मका.

देवाप्पा : आसं कसं? मी कुंकू म्हणून लिवून देतो की!

अश्लेषा : त्यानं काय होणार? तुम्हीच आत्ता मला शिकवलंत ना, सर्टिफिकेट शेवटचं. त्याच्यापुढे तुमचं पत्र म्हणजे घरी बसवलेल्या माणसाचं पत्र. शेरा आहे तसाच राहणार.

देवाप्पा : यप्पा! हे मला ठाऊक न्हवतं. दाणा बगितलाय मी तो. हातात घेतला की कसा गार लागतो, खणखणीत... पुरायचा म्हणालाय?

भागुबाई : धर गं चहा. अवो, तुमीबी घ्या. आणि मला एक सांगा आता. मघापास्नं ऐकालोय मी आतनं. पूजेच्या पोत्याला परखी लावली? तुमी?

देवाप्पा : तू आत जा.

भागुबाई : का म्हणून जाऊ? अगं बाळ, ही परखी म्हणजे ती टोकदार लोखंडी नळी, पोत्यात खुपसून दाणं काढतात ती. ह्या माणसानं एकतीस वर्सांत पूजेच्या पोत्याला लोखंड लावू दिलं न्हाई कुणाला. एकदा एका नव्या हमालानं त्या पोत्याला उचलायची लोखंडी आकडी लावली, तर ह्यांनी दुपारचं जेवण सोडलं. आणि आता म्हणालेत, चुकून काढला! चुकून डोळं गेले काय तुमचे? झेंडूचं फूल दिसलं न्हाई?

देवाप्पा : वय झालं. चुकलो. सरी, बरं, आता पुरे.

अश्लेषा : थांबा काकू. त्या दिवशी परखी... परखी माझ्याही हातात होती. अण्णा, तुम्हीच दिली होतीत. ‘दोन-चार पोती मारून बगा, हाताला कळतंय’ म्हणालात.

देवाप्पा : ते नुसतं शिकायला. त्यातलं काय घेतलं न्हाई मी.

अश्लेषा : मग तुम्ही कंटेनरमध्ये गेलात. आत उभं राहून दार लावून घेतलंत, कुठे भोक असलं तर उजेड दिसतो म्हणून. मला म्हणालात इथंच थांबा. आणि मी... अण्णा, करारात लिहिलंय, प्रत्येक दहावं पोतं. एक, अकरा, एकवीस. मी शहाण्यासारखी एकपासून सुरुवात केली.

देवाप्पा : तसं काय झालं न्हाई.

अश्लेषा : फोटो आहे.

देवाप्पा : कसला फोटो?

अश्लेषा : आईला पाठवला होता मी. ‘बघ, तुझी लेक पोती तपासतेय.’ हा बघा. परखी पोत्यात आहे. फूल आहे. कुंकू आहे. आणि हा फोटो तुम्हीच काढलाय, अण्णा.

भागुबाई : दाव गं. अय्यो देवा! ह्यात केवढी हसालीस तू.

अश्लेषा : तुम्हाला माहीत होतं. तुम्ही बाहेर आलात तेव्हा दाणे बादलीत पडले होते, आणि तुम्ही काही न बोलता माझा फोन घेऊन फोटो काढलात. का अण्णा? ओरडायचं ना माझ्यावर!

देवाप्पा : काय वरडू? दार उघडून बाहीर आलो तर तू तिथं उभी. घामानं निथळालीस, पदवी मिळाल्यागत तोंड. ‘अण्णा, जमलं मला!’ म्हणालीस. पोरी, नियम सांगतो, बादली वतून टाकायची आणि पहिल्यापास्नं नमुना काढायचा. मला ठाऊक होतं की. पण पूजेच्या पोत्याला लोखंड लागलं ते तर लागलंच, आता त्यातलं दाणं भुईवर फेकायचं, म्हंजे आणखी अपशकुन. आणि पिवळ्या मक्यात मला कुंकू दिसलंबी न्हाई. मूठभर दाणं, म्हटलं आसू दे. तुझ्या आनंदावर कशाला पाणी वतायचं?

अश्लेषा : आणि आता सगळं स्वतःच्या अंगावर घेताय.

देवाप्पा : परखी तुझ्या हातात कुणी दिली? मी. बादली कुणी तशीच ठेवली? मी. मग चूक कुणाची? सांग की. तुला पुढं उभं आयुष्य काढायचंय ह्या धंद्यात.

अश्लेषा : म्हणजे मी गप्प बसायचं. तुम्ही चुकलात म्हणायचं, आणि मका... एक मिनिट.

भागुबाई : काय गं, काय झालं?

अश्लेषा : एक मिनिट काकू. अकरावं कलम. मी हे टाइप केलंय, हे नक्की टाइप केलंय मी... हं. ऐका. नमुना केवळ तपासणी कंपनीच्या माणसाने स्वतःच्या हाताने काढावा. विकणारा किंवा घेणारा यांच्यापैकी कोणाचाही हात लागल्यास तो नमुना बाद. त्यावरचं सर्टिफिकेट बाद. नवा नमुना काढावा. अण्णा!

देवाप्पा : वाचलं मी ते. पाठ हाय मला.

अश्लेषा : अहो मग! तुम्ही म्हणताय ‘मी काढला’, तोवर सर्टिफिकेट शेवटचं. मी म्हटलं ‘मी काढला’, की सर्टिफिकेटच उरत नाही! सील तोडून नवा नमुना, शनिवारच्या आत चेन्नई! म्हणजे खोटं बोललं तर मका खड्ड्यात, खरं बोललं तर मका जहाजावर. इतकं सरळ आहे आणि आपण मघापासून... तुम्हाला माहीत होतं? हे कलम पाठ होतं तुम्हाला?

देवाप्पा : होतं.

अश्लेषा : मग मला कळतच नाहीये. परत कळेनासं झालं. माझी नोकरी वाचवायला तुम्ही...

देवाप्पा : नुसती तुझी न्हाई गं. तुला वाटालंय तेवढा मोठ्या मनाचा न्हाई मी.

अश्लेषा : म्हणजे?

देवाप्पा : ‘देवाप्पा चुकला’ म्हणतील, ते चालतंय मला. म्हातारा झाला, नजर गेली म्हणतील. पण ‘देवाप्पानं विकणाऱ्याच्या माणसाच्या हातात परखी दिली’ म्हणतील, त्याचा अर्थ निराळा होतोय. त्याचा अर्थ, देवाप्पा मिळालेला होता. आतनं सामील होता. ते न्हाई सोसायचं मला.

भागुबाई : मग लिवायचंच न्हाई! ऐकलंस काय गं? तो फोटो पूस. आत्ताच्या आत्ता पूस.

देवाप्पा : भागू...

भागुबाई : तुमी गप बसा. बाळ, तुला ठाऊक न्हाई. नमुन्यातलं उरलेलं धान्य सगळेच घरी नेतात. ज्वारी, तांदूळ, शेंगदाणं, काय बी. शेजारच्या बाया मला विचारायच्या, तुझ्या घरात कधी पिशवी येत न्हाई ती? ह्यांनी एक दाणा आणला न्हाई. लेकीच्या बाळंतपणात मी म्हटलं, अवो, मूठभर नाचणी आणा पेजंला, तर दुकानातनं इकत आणली. अशा माणसाला मिळालेला म्हणतील? माझ्या कानानं ऐकू मी हे?

अश्लेषा : काकू, पुसते. खरंच पुसते. आईच्या फोनवरूनही काढायला सांगते. कोणाला कळणार नाही. मलाही तेच सोपं आहे हो. हे लिहिलं तर सर मला उद्याच्या उद्या घरी पाठवतील, आणि पुण्याला जाऊन आईबाबांना काय तोंड दाखवू? अण्णा, तुम्ही सांगा. पुसू का?

देवाप्पा : किती पोती होती?

अश्लेषा : काय?

देवाप्पा : पोती. दहा कंटेनरात.

अश्लेषा : चार हजार आठशे. तुम्हाला माहीतच आहे की.

देवाप्पा : माहीत हाय. मालोजीच्या माणसांनी शुक्रवारी पाठीवरनं नेली ती. सकाळी सातपास्नं अंधार पडंतवर. चार हजार आठशे पोती खड्ड्यात वताय बी तीच माणसं बोलवतील. त्यांना काय सांगू मी? विष हाय म्हणून सांगू?

भागुबाई : तुमी काय त्यांना तोंड दावायला जाणार हाय? घरी बसीवलंय तुम्हाला.

देवाप्पा : बसीवलंय म्हणूनच, भागू. बसून बसून काय करणार मी? मार्च येईल, जाईल. रोज भाकरी समोर आली की तो खड्डा दिसंल मला. लोक मिळालेला म्हणतील न्हवं? म्हणू देत. मी मिळालेलो न्हवतो, हे तुला ठाऊक हाय, ह्या पोरीला ठाऊक हाय. पण चांगला दाणा पुरला, तर ते मी केलेलं खरंच आसणार. ते कसं पुसायचं?

भागुबाई : करा तुमच्या मनाचं.

देवाप्पा : रडू नको, भागू. पोरी, ते तुझं यंत्र उघड. आणि फोटो पुसू नको. तो लावून पाठव.

अश्लेषा : उघडलं. फोटो जोडला.

देवाप्पा : लिव. शुक्रवारी यशवंतपूरच्या गोडाउनात, मका भरताना...

अश्लेषा : ...मका भरताना. पहिल्या पोत्यातले दाणे मी, म्हणजे विकणाऱ्या कंपनीची प्रतिनिधी अश्लेषा...

देवाप्पा : देवाप्पाच्या सांगण्यावरनं, आसं घाल.

अश्लेषा : नाही घालणार. तुम्ही पहिल्या पोत्यातनं काढ असं कुठे सांगितलं होतं? तुम्ही ‘इथंच थांबा’ म्हणाला होतात. मी थांबले नाही. जे झालं तेच लिहिणार. आता मला कळलंय ना, तर निदान मध्येच पुन्हा गोंधळ नको.

देवाप्पा : सरी. मग पुढं माझं लिव. देवाप्पानं ते आपल्या डोळ्यांनी बगितलं. बादली वतली न्हाई. नमुना बाद आहे हे ठाऊक असून सील केला.

अश्लेषा : ‘ठाऊक असून’ कशाला? ‘नजरचुकीने’ लिहू ना. तेवढं तरी.

देवाप्पा : नजर चुकली न्हवती. फोटो काढलाय मी.

अश्लेषा : लिहिलं. ‘ठाऊक असून’. दोन्ही कंपन्यांना जाईल, तुमच्या रघुनंदन साहेबांना आणि आमच्या शंतनु सरांना, एकाच वेळी. खाली माझं नाव घातलंय. तुम्ही इथे बोटानं सही करा. अशी, स्क्रीनवरच.

देवाप्पा : हं. वाकडी आली.

अश्लेषा : वाकडी चालते. काकू, तुम्ही बघा बरोबर आहे का.

भागुबाई : मला काय वाचता येतंय? त्यांचं नाव कुठलं ते दाव नुसतं.

अश्लेषा : हे. देवाप्पा. अण्णा, नावाच्या खाली हुद्दा लागतो. काय करू? हे वाचल्यावर तुमचे साहेब... म्हणजे, उद्या तो हुद्दा असेल की नाही कोणास ठाऊक. सोडून देऊ का ती ओळ?

देवाप्पा : तारीख कुठली घातलीस?

अश्लेषा : आजची.

देवाप्पा : मग लिव की. आज अजून हाय मी नमुनेवाला.